कंदील धरलेली बाई

आमच्या येद्लोवेत्सचं नाव खालच्या शहरांत कोणाला ठाऊक असेल तर ते मेतोद ह्रुश्काच्या बेतलेममुळे. एरवी हे डोंगरमाथ्यावरचं, अर्धं वर्ष बर्फात बसलेलं गाव. शेवटच्या घरामागे जंगल आणि जंगलाच्या पलीकडे जर्मनी. मुद्दाम चढून यावं असं इथे काही नाही. पण नाताळच्या आधीच्या रविवारी शाळांच्या सहली, म्हाताऱ्यांच्या बस, शहरातली कुटुंबं असं सगळं वर यायचं आणि मेतोदच्या दारात बुटांचा बर्फ झटकत उभं राहायचं.

बेतलेम म्हणजे येशूजन्माचा लाकडी देखावा. तसे ते पुष्कळ गावांत असतात, पण मेतोदच्या घरातला हलता होता आणि त्यानं पुढच्या खोलीची अख्खी भिंत अडवली होती. लाकडाचा डोंगर, त्यात खाण, खाणीतून बाहेर येणारे कामगार, घण मारणारा लोहार, लोणी घुसळणारी म्हातारी, करवतीखाली सरकणारा ओंडका आणि सगळ्यांच्या खाली गोठ्यात बाळ येशू. मेतोदनं मागे जुन्या धुलाईयंत्राची मोटर बसवली होती. बटण दाबलं की आधी नुसती घरघर ऐकू यायची आणि मग एकदम सगळा डोंगर जागा व्हायचा.

ओळख करून द्यायची ती मेतोदची मुलगी बोहदाना. नवऱ्यापासून वेगळी झाल्यावर ती वडिलांकडे परत आली होती आणि खालच्या गावातल्या शाळेत स्वयंपाकाला जायची. चारचौघांत फारसं न बोलणारी बाई, पण हातात लांब काठी घेऊन बेतलेमपुढे उभी राहिली की तिचे गाल लाल व्हायचे, आवाज चढायचा. माझ्या वडिलांनी हे सगळं वीस हिवाळ्यांत कोरलं, असं ती सांगायची. दिवसा जंगलात ओंडके ओढायचे आणि संध्याकाळी चाकू घेऊन बसायचे. शेवटी काठीचं टोक गोठ्याच्या उजव्या बाजूला यायचं. तिथे एका घराच्या उंबऱ्यात कंदील धरून एक बाई उभी होती. ती चालायची नाही, वाकायची नाही, फक्त कंदील हळूच वर करायची आणि खाली न्यायची.

“आणि ही माझी आई,” बोहदाना म्हणायची. “वडील कामावरून यायचे तेव्हा ती अशी दारात उभी असायची.”

इथे बायका रुमाल काढायच्या. मीही काढलेला आहे. मी त्यांची शेजारीण. येणाऱ्यांसाठी गोड पाव भाजायचं काम माझ्याकडे होतं, त्यामुळे हे शब्द मी किती वेळा ऐकले त्याला हिशेब नाही.

बोहदानाला खरं माहीत होतं का, असं नंतर पुष्कळांनी मला विचारलं. तिनंच मला त्याचं उत्तर दिलं, आणि ते देताना तिनं माझ्याकडे पाहिलं नाही. लहानपणी तिनं विश्वास ठेवला. मोठी झाल्यावर तिच्या लक्षात आलं, की वडिलांच्या हातात कोरायचा चाकू तिनं कधी पाहिलाच नाही. साधी लाकडी पळीसुद्धा ते बाजारातून आणायचे. एकदा तिनं विचारलं, तर म्हणाले, जंगलात झाड हातावर पडल्यापासून बोटं चालत नाहीत. झाड पडलं होतं हे खरं होतं. मग तिनं पुन्हा विचारलं नाही. न विचारणं तिला सोयीचं होतं, असं ती म्हणाली.

महायुद्धात जर्मनी हरल्यावर या डोंगरातल्या जर्मन लोकांना आमच्या सरकारनं हाकललं, माणशी एक-दोन गाठोडी घेऊन सीमेपलीकडे पाठवलं आणि त्यांच्या घरांत आमच्यासारख्यांना आणून बसवलं. आमच्या गावात हे सगळ्यांना माहीत आहे आणि त्याबद्दल कोणी बोलत नाही. मेतोदही तेव्हाच आला, विशी ओलांडलेला, हातात एक पत्र्याची पेटी. सासूबाई सांगायच्या, की त्या पेटीत दोन सदरे आणि एक कढई होती.

ज्या डिसेंबरात सीमेवरची तपासणी उठली, त्याच डिसेंबरात ही गोष्ट झाली. शुक्रवारी जंगलातल्या रस्त्यावरचा अडसर काढला. शनिवारी सकाळी पलीकडच्या गावांतले लोक चालत, स्कीवरून, बाबागाड्या ढकलत आमच्याकडे आले. कागद न दाखवता येता येतं म्हणून नुसतेच इकडून तिकडे जात होते आणि हसत होते. आम्हीही हसत होतो. पब भरून गेला होता. सरपंच कामिल तर फार खुशीत होता, कारण दुसऱ्याच दिवशी, रविवारी, मेतोदआजोबांना लोककलेचं पदक मिळणार होतं आणि ते द्यायला प्रांताच्या कचेरीतून पाहुणे येणार होते. त्यासाठी कामिलनं दोन वर्षं खेटे घातले होते.

त्या शनिवारी बोहदाना आपल्या मोडक्यातोडक्या जर्मनमध्ये ओळख करून देत होती. पहिल्या खेपेला मागच्या बाकावर एक उंच म्हातारा बसला होता, हिरवा कोट, कानटोपी मांडीवर. लोक उठले, तो उठला नाही. दुसऱ्या खेपेलाही तो तिथेच. बोहदानाला बरं वाटलं. तिला वाटलं, माणूस भारावून गेलाय. दुसऱ्या खेपेनंतर तो पुढे आला आणि मागची बाजू बघता येईल का, असं त्यानं विचारलं. तिनं पडदा सरकवून दाखवली. तो मोटरकडे बघत राहिला. मग त्यानं फळीवर हात फिरवला आणि एका जागी थांबला. तिथे पूर्वी एक भोक होतं, ते लाकडी खुंटी ठोकून बुजवलेलं होतं.

“इथे फिरवायचा दांडा होता,” तो म्हणाला.

बोहदाना म्हणाली, असेल, मोटर बसवण्याआधी वडील हातानं फिरवत असतील.

तो परत पुढे आला. खोलीत आता मी होते, उरलेला पाव टोपलीत भरत होते. मला जर्मन बोलता येत नाही, पण कळतं.

“बाई,” तो म्हणाला, “तुमच्या आईचा उजवा खांदा उतरलेला होता का?”

बोहदाना हसली. नाही म्हणाली. तिची आई ताठ होती, गावात सगळ्यांत ताठ.

“माझ्या आईचा होता,” तो म्हणाला. “विहिरीवरून बादल्या वाहून. बघा.”

आम्ही पाहिलं. कंदील धरलेल्या बाईचा उजवा खांदा डाव्यापेक्षा चांगला खाली होता. इतकी वर्षं ती आमच्या डोळ्यांपुढे होती. कंदिलाच्या भारानं तसं दिसतंय, असंच आम्ही धरून चाललो होतो.

त्यानं आपलं नाव सांगितलं, एवाल्ड रायखेल्ट. याच घरात जन्मलो, म्हणाला. हे माझ्या वडिलांनी, आंटोन रायखेल्टनं केलं. दांडा फिरवायचं काम माझं असायचं. त्याच्या आवाजात राग नव्हता. पत्ता सांगावा तसं त्यानं सांगितलं. मग विचारलं, तुमचे वडील आहेत का?

बोहदानानं माझ्याकडे पाहिलं. त्या क्षणी तिचा चेहरा मी पाहिला नसता तर बरं झालं असतं. गालावरची सगळी लाली उतरली होती, आणि तोंडावर मघाचं हसू मात्र तसंच राहून गेलं होतं. काढून टाकायचं तिला सुचलं नव्हतं.

मेतोद स्वयंपाकघरात चुलीजवळ बसला होता, गुडघ्यांवर गोधडी. त्याला ऐकू कमी यायचं. बोहदाना आत गेली आणि म्हणाली, बाबा, कोणी आलंय. म्हाताऱ्यानं वर पाहिलं. एवाल्डनं आडनाव सांगायला तोंड उघडलं, तोच मेतोद जर्मनमध्ये बोलला. बोहदानानं जन्मात त्याच्या तोंडून जर्मन ऐकली नव्हती.

“तू एवाल्ड,” तो म्हणाला. “बापासारखाच दिसतोस. बस.”

एवाल्ड बसला नाही.

तेव्हा बोहदानाला कळलं, की हे दोघं एकमेकांना ओळखतात. मेतोद आला तेव्हा रायखेल्ट कुटुंब अजून घरातच होतं. त्यांचा नंबर लागायचा होता. तीन आठवडे मेतोद आणि ते लोक एकाच छपराखाली राहिले, एकाच टेबलावर बटाट्याचं सूप प्याले. घर आता मेतोदचं होतं आणि त्यात घरमालक पाहुण्यासारखा वावरत होता. आंटोननं त्या दिवसांत मेतोदला बेतलेमच्या मागे नेलं. कुठल्या दोऱ्या तुटतात, कुठे चरबी लावायची, थंडीत लोहाराचा हात अडकतो तेव्हा काय करायचं, हे सगळं त्यानं त्याला शिकवलं.

“तुम्हाला हे घर सरकारनं दिलं,” एवाल्ड म्हणाला. “त्याबद्दल मी काही बोलत नाही. पण हे सापडलं, असं तुम्ही म्हणाला असतात तरी चाललं असतं. आधीच्या माणसानं केलंय, एवढंच. कोणी तुमच्याकडून हिसकावून घेतलं नसतं.”

 मेतोद गोधडीचे दोरे ओढत राहिला.

“आणि माझ्या आईला तुम्ही दुसऱ्याची आई केलंत,” एवाल्ड म्हणाला. त्यानं कानटोपी घातली आणि तो निघाला. बोहदानानं त्याच्यापुढे ठेवलेल्या चहाला त्यानं हात लावला नव्हता. ती त्याच्या मागे दारापर्यंत गेली. नुसतीच दार धरून उभी राहिली, आणि आत थंडी शिरत राहिली.

संध्याकाळी तिनं वडिलांना विचारलं. मेतोद तुटक तुटक बोलला. पहिली काही वर्षं त्यानं कोणाला काही सांगितलं नव्हतं. कोणी विचारलंही नव्हतं. मग जिल्ह्याच्या वर्तमानपत्रातून एक माणूस आला. त्या काळात जर्मनानं केलेलं म्हणून कौतुक छापून येणं शक्य नव्हतं. त्या माणसानं आपल्या मनानंच लिहून टाकलं, की जंगलकामगार मेतोद ह्रुश्कानं हे कोरलं. छापून आल्यावर लोक रस्त्यात थांबून हात मिळवायला लागले. कोणी त्याचा हात मिळवावा, असं त्याआधी त्याच्या आयुष्यात काही घडलं नव्हतं. तो गप्प बसला. पुढे काळ बदलला, सगळं बोलता यायला लागलं, तेव्हाही गप्पच बसला. तोवर गावाच्या पाटीवर नाव लागलं होतं.

“मग ती माझी आई आहे, असं मला का सांगितलंत?”

“तू लहान होतीस. ही कोण, म्हणून विचारलंस,” मेतोद म्हणाला. “मी म्हटलं, आई. तू इतकी खूश झालीस. परत कसं सांगणार?”

मग त्यानं तिच्याकडे एक मागणं केलं. उद्याचा दिवस जाऊ दे. मी फार दिवस नाही. मी गेल्यावर सगळ्यांना सांग, पाहिजे तर दवंडी पीट.

तिनं हो म्हटलं. मुद्दाम सांगते, तिनं हो म्हटलं होतं. सकाळी कामिल आला तेव्हा त्यालाही तिनं सगळं सांगितलं, कारण तिला ते एकटीला पेलत नव्हतं. कामिलनं कपाळावर हात मारला. तो म्हणाला, बोहदाना, हे लोक येतील, पदक लावतील, फोटो काढतील, आपल्या पबमध्ये बदक खातील आणि जातील. पुढच्या वर्षी आपण शांतपणे पाटी बदलू. आज मात्र मेहेरबानी कर. तिनं त्यालाही हो म्हटलं.

रविवारी खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. मेतोद पहिल्या रांगेत, लग्नातल्या काळ्या कोटात. तो त्याला आता दोन मापं मोठा होत होता. कामिलनं भाषण केलं. प्रांतातून आलेल्या बाई छान बोलल्या, आणि त्यांनी निळ्या फितीचं पदक त्याच्या कोटाला टाचलं. टाळ्या झाल्या. म्हातारा खाली बघत होता. लोकांना वाटलं, किती साधा माणूस.

मग पाहुण्यांना दाखवण्यासाठी बोहदानानं बटण दाबलं आणि काठी उचलली. खाण झाली, लोहार झाला, करवत झाली. मी मागे उभी होते. तिचा आवाज मला नेहमीपेक्षा सपाट वाटला, पण शब्द तेच होते. वीस हिवाळे हे शब्दही तिनं उच्चारले. ते कसे उच्चारले, देव जाणे. मग काठीचं टोक कंदिलाशी आलं आणि थांबलं. सगळे वाट बघत होते. काही जणींनी रुमाल काढलेसुद्धा.

“ही माझी आई नाही,” बोहदाना म्हणाली.

लोहाराचा घण तेवढा वाजत होता.

“हिचं नाव मला माहीत नाही. हिच्या नवऱ्याचं नाव आंटोन रायखेल्ट. हे घर त्यांचं होतं. हे सगळं त्यानं कोरलंय. माझ्या वडिलांनी नाही. मी आत्ता वीस हिवाळे म्हटलं तेही खोटं.”

कामिल हसला. घशात घास अडकल्यावर माणूस आवाज करतो तसं ते हसणं होतं. प्रांतातल्या बाईंनी शेजारच्या माणसाकडे पाहिलं.  तेव्हा मेतोदचा हात छातीकडे गेला. तो पदक काढायला बघत होता. पण बोटं ताठलेली, आणि टाचणी बारीक. तो ओढत होता, निघत नव्हतं. कोटाचं कापड ताणलं जात होतं. खोलीभर माणसं होती, पण एकही पुढे झाला नाही. मीही झाले नाही. आम्ही सगळे तिकडे बघत होतो आणि बघत नसल्यासारखं करत होतो.

शेवटी बोहदानाच काठी टाकून त्याच्यापुढे गुडघ्यांवर बसली. तिलाही पटकन जमेना. टाचणी तिच्या अंगठ्यात घुसली. पदक निघालं, तेव्हा फितीवर रक्ताचा डाग होता. मेतोद हळूच म्हणाला, आणि पुढच्या रांगेतल्यांनी ते ऐकलं, “तू हो म्हणाली होतीस.”

पाहुणे बदक न खाताच गेले.

त्यानंतर गाव तिच्याशी बोलेनासं झालं. दुकानात व्लास्ता, जी सगळ्यांना पाव देताना चार गोष्टी विचारते, बोहदानाच्या हातात पाव ठेवून पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळायची. एकदा न राहवून व्लास्ता बोललीच. म्हणाली, “खरं बोलायची एवढी हौस होती, तर घरात बोलायचं. म्हाताऱ्याला भरसभेत कपडे उतरवून उभा केलास.” बोहदानानं ऐकून घेतलं. तिलाही तसंच वाटत होतं.

पण खरी गोष्ट वेगळी होती, आणि ती मी सांगितली पाहिजे. लोक चिडले ते मेतोदसाठी नव्हे. त्या रविवारी घरी जाऊन मी स्वयंपाकघरात उभी राहिले. माझ्या फळीवर चिनीमातीचे सहा डबे आहेत. त्यांवर निळ्या जर्मन अक्षरांत मीठ, पीठ, साखर असं लिहिलेलं आहे. सासूबाईंना ते घरासोबत मिळाले होते. मी त्यांत चाळीस वर्षं मीठ भरते आहे आणि ते अक्षर कोणासाठी लिहिलं होतं, याचा विचार मी कधी केला नव्हता. व्लास्ताकडे तसंच घरासोबत आलेलं घड्याळ आहे. कामिलच्या घरात पाळणा आहे, त्यात त्याची तीनही पोरं वाढली. आमच्यापैकी कोणी असं म्हटलं नव्हतं, की हे आम्ही घडवलं. पण ज्यांचं होतं त्यांचं नाव आम्हीही घेतलं नव्हतं. बोहदाना समोरून यायला लागली की आम्हाला ते आठवायचं, आणि म्हणून आम्ही रस्ता ओलांडून जायचो.

मेतोद तिच्याशी फक्त सूप, लाकडं आणि औषध याबद्दल बोलायचा. पुढच्या खोलीत त्यानं पाऊल टाकलं नाही. नाताळ झाला, नवं वर्ष लागलं. बेतलेमवर तिनं चादर टाकून ठेवली होती.

जानेवारीत एके दुपारी ती जंगलातून चालत पलीकडच्या गावी गेली. एवाल्डचं घर शोधायला वेळ लागला नाही. तो अंगणात पाखरांच्या खोपटातला बर्फ काढत होता. तिनं उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. पदक, लोक, टाचणी. तिला वाटलं होतं, त्याला बरं वाटेल. निदान तेवढ्यापुरतं तरी आपलं ओझं हलकं होईल.

एवाल्डचा चेहरा आणखीच पडला.

“सगळ्यांसमोर?” तो म्हणाला. “अहो, तो चौऱ्याऐंशीचा असेल. मी हे मागितलं नव्हतं.”

बोहदानाला वाटलं, इथेच बर्फात बसावं. खोटं बोलली तेव्हाही तिची मान खाली गेली होती आणि खरं बोलली तेव्हाही. आता ज्याच्यासाठी बोलली, त्याच्या दारातही तेच. ती वळून निघाली. एवाल्डनं हाक मारली. म्हणाला, आत या, तुमचे मोजे भिजलेत.

तिथे स्वयंपाकघरात त्यानं तिला आईचं नाव सांगितलं, हेडविग. पलीकडे आल्यावर त्यांना एका गुदामात जागा मिळाली होती, आणि पहिल्याच हिवाळ्यात ती तापानं गेली. वडिलांनी पुन्हा चाकू हातात घेतला नाही. ते कारखान्यात दरवाजांना रंग द्यायचे. एवाल्डकडे आईचा फोटो नव्हता. गाठोड्यात अन्न आणि पांघरुणं घेतली होती, फोटो राहून गेले. कंदील धरलेली ती बाई हीच काय ती तिची खूण उरली होती. ती तुमच्याकडे आहे, हे मला कालपरवापर्यंत माहीत नव्हतं, असं तो म्हणाला. मला वाटायचं, कधीच चुलीत गेली असेल.

बोहदाना म्हणाली, घेऊन जा. सगळंच घेऊन जा.

तो म्हणाला, कुठे ठेवू? माझ्या घरात एवढी भिंत नाही. आणि ती भिंत सोडून ते कुठे शोभणार? फक्त नाव सांगत जा.

परत आल्यावर तिनं हे वडिलांना सांगितलं की नाही, मला माहीत नाही. पण बर्फ वितळायला लागल्यावर एक दिवस मेतोदनंच विचारलं, तो एवाल्ड येईल का? बोहदानानं फोन केला. तो आला. या वेळी बसला. मी पाव घेऊन गेले होते आणि मला कोणी जा म्हटलं नाही.

 मग मेतोदनं जर्मनमध्ये सुरुवात केली. शब्द शोधायला त्याला कष्ट पडत होते.

“तुझ्या बापानं मला शिकवलं. रोज संध्याकाळी. मी त्याच्या खुर्चीवर बसलेलो, आणि तो उभा. त्याला राग येत असणार. पण त्यानं शिकवलं. म्हणाला, हे बंद पडू देऊ नकोस.” तो थांबला. “तुम्ही गेलात त्या दिवशी मी वर माळ्यावर लपलो होतो. खाली येऊन हात मिळवायला पाहिजे होता. मला लाज वाटली. मग पुढे तीच एक गोष्ट झाकायला मी सगळं झाकत गेलो.”

एवाल्डनं डोळे पुसले नाहीत, पण ते भरले होते.

“तुम्ही चालू ठेवलंत,” तो म्हणाला. “नाहीतर त्याचं सरपण झालं असतं. हे मी मानतो. पण तेवढ्यानं भागत नाही.”

“नाही भागत,” मेतोद म्हणाला.

यापलीकडे काही झालं नाही. गळाभेट नाही, माफी नाही. एवाल्डनं या वेळी चहा प्यायला, आणि एक तुकडा पाव खाल्ला. निघताना मेतोदनं हात पुढे केला आणि त्यानं तो धरला, इतकंच.

मेतोद सप्टेंबरात गेला. त्याआधी ऑगस्टमध्ये बोहदानानं शहरातून एक छोटी पितळी पट्टी करून आणली होती, आंटोन आणि हेडविग यांच्या नावाची. ती तिनं वडिलांना दाखवली. त्यांनी बोटानं अक्षरं चाचपली आणि मान हलवली. ती बेतलेमवर लावायला सुतार मिळाला नाही, म्हणजे आमच्या गावात कोणी वेळ काढला नाही. तिनं स्वतःच स्क्रू मारले. एक जरा तिरका बसलाय.

अंत्यविधीला गाव आलं. मेलेल्या माणसाकडे जायला आमच्याकडे कोणी लाजत नाही. एवाल्डही आला होता, त्याच हिरव्या कोटात. तो चर्चच्या अगदी मागे, खांबाशी उभा राहिला. त्याला सगळ्यांनी ओळखलं आणि एकानंही ओळख दाखवली नाही. बोहदाना पहिल्या बाकावर एकटी होती. पाद्री सुरुवात करणार तेवढ्यात ती उठली, मधल्या वाटेनं मागे गेली आणि एवाल्डच्या कोपराला हात घालून त्याला पुढे घेऊन आली. तो नको नको म्हणत होता. ती दोघं चालताना आम्हा सगळ्यांची तोंडं जमिनीकडे होती. तिचं मात्र नव्हतं, पण तिच्या मानेवर लाल चट्टे उठले होते, ते मला मागून दिसत होते.

नंतर पबमध्ये सूप होतं. एवाल्ड बोहदानाच्या शेजारी बसला. त्या टेबलाशी दोन खुर्च्या रिकाम्या होत्या. मी वाटी घेऊन बराच वेळ भिंतीशी उभी राहिले. मग तिथे जाऊन बसले. बोहदानाकरवी मी त्याला माझ्या त्या डब्यांबद्दल विचारलं, माझं घर पूर्वी कोणाचं होतं ते. त्याला आठवत होतं. शिंप्याचं, म्हणाला. त्याची बायको फार बडबडी होती. तिचं नावही त्यानं सांगितलं. व्लास्ता शेजारच्या टेबलावर होती. तिनं चमचा खाली ठेवला आणि थोडी आमच्याकडे सरकून बसली.